काम कुणी वाटायचं?

आपल्या शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत एटीपी सिंथेस नावाचं एक प्रथिन असतं. त्याचा एक भाग अक्षरशः गरगर फिरतो आणि त्या फिरण्यातून पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपीचे रेणू तयार होतात. प्रथिन फिरतं हे प्रयोगांतून दिसलं आहे. पण फिरताना त्यातला कुठला अणू कुठे सरकतो, कुणाला ढकलतो, कुणाला ओढतो, हे कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून सलग बघता येत नाही. ते बघायचं तर गणितानंच.

गणित समजायला अवघड नाही. प्रथिनाचा मोठा भाग आणि त्याच्या भोवतीचं पाणी धरलं, तर साधारण ३ लाख २७ हजार अणू होतात. प्रत्येक अणूवर बाकीच्या अणूंचं बल किती, ते काढायचं. त्या बलानं तो किती सरकेल, ते काढायचं. सगळे अणू नव्या जागी ठेवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. प्रत्येक अणूची प्रत्येकाशी जोडी लावली, तर जोड्या होतात सुमारे ५,३०० कोटी. म्हणून लांबच्या अणूंचा परिणाम वेगळ्या पद्धतीनं एकत्रित मोजतात आणि फक्त बारा अँगस्ट्रॉमच्या आतल्या शेजाऱ्यांचं बल जोडीजोडीनं काढतात. एवढ्या अंतरात एका अणूला सातशेच्या आसपास शेजारी असतात. म्हणजे ढोबळ हिशेबानं अकरा-बारा कोटी जोड्या उरतात.

हा झाला एक टप्पा. एका टप्प्यात अणूंच्या जगातला एक फेम्टोसेकंद पुढे सरकतो. पेशीतल्या रंजक घडामोडींना निदान काही मायक्रोसेकंद लागतात आणि एका मायक्रोसेकंदात शंभर कोटी फेम्टोसेकंद असतात. एका टप्प्याला घड्याळातला एक सेकंद लागला, तर एक मायक्रोसेकंद बघायला एकतीस वर्षांहून अधिक काळ जाईल. तोच टप्पा दहा मिलिसेकंदांत उरकला, तर चार महिन्यांत काम होईल. एका संशोधकाची सगळी कारकीर्द आणि एका विद्यार्थ्याचं एक सत्र, यांतला हा फरक आहे.

२००२ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग सुपरकॉम्प्युटिंग सेंटरमधल्या 'लेमिउ' या महासंगणकावर नेमकं हेच प्रथिन आणि नेमके एवढेच अणू घेऊन एक प्रोग्रॅम चालवला गेला. यंत्रात ३,००० प्रोसेसर होते. प्रोग्रॅमचं नाव एनएएमडी. त्या वर्षीच्या गॉर्डन बेल पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला. महासंगणनाच्या क्षेत्रात हा पुरस्कार फार मानाचा. पुरस्कार यंत्राच्या ताकदीसाठी नव्हता, कारण तेच यंत्र इतरांनाही मिळत होतं. हजारो प्रोसेसरांना एकाच प्रथिनाच्या कामाला लावून त्यांतला कुणी रिकामा बसणार नाही, अशी व्यवस्था केल्याबद्दल तो होता. या व्यवस्थेमागचे संगणकशास्त्रज्ञ म्हणजे इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक लक्ष्मीकांत काळे.

शेवटच्या माणसाची वाट

एक काम हजार जणांत वाटलं तर ते हजारपट लवकर व्हावं, असं साध्या त्रैराशिकानं वाटतं. तसं होत नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच याची मर्यादा दाखवून दिली होती. कामाचा पाच टक्के भाग जरी असा असेल की तो एकामागून एकच करावा लागतो, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग वीसपटीच्या पुढे जाणार नाही.

ही मर्यादा टाळता आली, तरी दुसरी अडचण उभीच असते. पंगतीत शेवटचा माणूस उठल्याशिवाय दुसरी पंगत बसत नाही. नऊशे नव्व्याण्णव जणांची पानं रिकामी झाली, एक जण अजून ताक-भात कालवतोय, की सगळे थांबले. समांतर संगणनात हे दर टप्प्याला होतं. समजा हजार प्रोसेसर आहेत, प्रत्येकाला दहा मिलिसेकंदांचं काम आहे आणि एकाच्या वाट्याला पंधराचं आलं. मग सगळा टप्पा पंधरा मिलिसेकंदांचा होतो. यंत्राची एक तृतीयांश ताकद वाट बघण्यात जाते. कोट्यवधी डॉलरचं यंत्र, त्याची वीज, त्याला थंड ठेवण्याचा खर्च, या सगळ्याचा तिसरा हिस्सा एका प्रोसेसरापायी वाया.

आज या अडचणीचं वजन कितीतरी वाढलं आहे. २००५ च्या आसपास एकेका प्रोसेसरचा वेग वाढणं जवळपास थांबलं, कारण त्याहून जास्त वेगानं चालवलं तर चिपची उष्णता आवरत नाही. तेव्हापासून वेग वाढवायचा म्हणजे संख्या वाढवायची. २०२२ मध्ये सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांचा टप्पा ओलांडणाऱ्या ओक रिजच्या 'फ्रंटियर' यंत्रात त्या वेळी सुमारे ८७ लाख कोअर मोजले गेले. पंगत आता एवढी लांब आहे.

अंदाज न लागणारं काम

काळे यांनी बनारस हिंदू विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.टेक. केलं आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून संगणकशास्त्रात एम.ई. त्यानंतर दोन वर्षं ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९८५ मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रूक इथून त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि त्याच वर्षी ते इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन इथल्या संगणकशास्त्र विभागात रुजू झाले.

त्यांचा पीएच.डी.चा विषय पुढच्या सगळ्याची किल्ली आहे. तो प्रथिनांचा नव्हता, हवामानाचाही नव्हता. प्रोलॉगसारख्या तर्काधारित भाषांतले प्रोग्रॅम अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी कसे चालवायचे, हा तो विषय. अशा प्रोग्रॅममध्ये एका प्रश्नातून अनेक उपप्रश्न फुटतात, त्यांतून आणखी फुटतात. कुठली फांदी दोन पावलांत संपेल आणि कुठली लाखभर पावलं चालेल, हे आधी सांगताच येत नाही. म्हणून कामाची वाटणी सुरुवातीला एकदा करून मोकळं होता येत नाही. काम चालू असतानाच ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

त्या काळात महासंगणकांवर मुख्यतः विज्ञान-अभियांत्रिकीची गणितं चालत. पुष्कळदा त्यांत एक सरळ जाळी असायची, तिचे सारखे तुकडे पाडायचे आणि प्रोसेसर क्रमांक एक, दोन, तीन असे वाटून द्यायचे. १९९४ मध्ये एमपीआय हे प्रोसेसरांनी एकमेकांना संदेश पाठवण्याचं मानक आलं आणि ही रीत जगभर पक्की झाली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं प्रोसेसरचे क्रमांक धरून विचार करायचा: मी सतरा नंबरचा, मला अठरा नंबरकडून आकडे हवेत. एमपीआयनं मोठं काम केलं आणि आजही बहुतेक वैज्ञानिक प्रोग्रॅम त्याच्यावर उभे आहेत. पण त्यात वाटणीची सगळी जबाबदारी माणसावर पडते.

काळे दुसऱ्या टोकाकडून आले होते. ज्याचा अंदाजच लागत नाही अशा कामापासून त्यांनी सुरुवात केली, त्यामुळे बिनअंदाजी काम हीच त्यांनी सर्वसाधारण स्थिती मानली. सारखे तुकडे पडणारी गणितं त्यांच्या लेखी सोपा अपवाद होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या प्रयोगशाळेत 'चार कर्नल' नावाची प्रणाली तयार झाली आणि १९९३ मध्ये त्यांनी व संजीव कृष्णन यांनी 'चार्म++' ही प्रणाली संगणकशास्त्रज्ञांपुढे मांडली.

पत्ता कामाचा, प्रोसेसरचा नव्हे

चार्म++ मागचा विचार असा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं प्रोसेसर किती आहेत हे विसरून जावं. आपल्या प्रश्नाचे स्वाभाविक तुकडे कुठले, ते ठरवावं आणि प्रोसेसरांच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त तुकडे पाडावेत. कुठला तुकडा कुठल्या प्रोसेसरवर राहील, हे त्यानं सांगूच नये. ते ठरवण्याचं काम प्रोग्रॅमसोबत चालणाऱ्या रनटाइम प्रणालीचं.

मघाचं उदाहरण पुन्हा घेऊ. पंधरा मिलिसेकंदांचं काम एकसंध असेल, तर ते हलवून उपयोग नाही. जिथे जाईल तिथे पंधराच लागतील. पण तेच दीड-दीड मिलिसेकंदांच्या दहा तुकड्यांत असेल, तर त्यातले तीन तुकडे तीन वेगवेगळ्या प्रोसेसरांकडे पाठवता येतात. ज्याच्यावर बोजा होता त्याचं काम साडेदहावर येतं, ज्यांनी मदत केली त्यांचं साडेअकरावर जातं. पंधराचा टप्पा साडेअकरात संपतो. तुकडे आणखी बारीक केले, तर तो दहाच्या आणखी जवळ येतो.

पण तुकडा हलला, तर त्याला निघालेल्या संदेशांचं काय? म्हणूनच चार्म++ मध्ये संदेशावर प्रोसेसरचा क्रमांक नसतो, तुकड्याचा असतो. प्रत्येक तुकड्याचा सध्याचा मुक्काम कुठे आहे, याची नोंद ठेवणारा एक ठरावीक प्रोसेसर असतो. संदेश जुन्या जागी पोचला, तर तो तिथून नव्या जागी धाडला जातो आणि पाठवणाऱ्याला नवा मुक्काम कळवला जातो. पुढचे संदेश मग थेट तिकडे जातात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यातलं काहीही लिहावं लागत नाही. आपल्या तुकड्यातला मजकूर बांधायचा आणि सोडायचा कसा, एवढंच त्यानं एकदा सांगून ठेवायचं.

जास्त तुकड्यांचा आणखी एक फायदा आहे. एका प्रोसेसरवर दहा-वीस तुकडे असतात. त्यातल्या एकाला दुसरीकडून आकडे यायचे असतील, तर प्रोसेसर त्याची वाट बघत थांबत नाही. ज्या तुकड्याचा संदेश आलेला असेल, त्याचं काम तो हाती घेतो. आकड्यांचा प्रवास आणि गणित ही दोन्ही एकाच वेळी होत राहतात.

आणि कुठला तुकडा किती वेळ खाणार, हे रनटाइमला कसं कळतं? या प्रश्नाचं काळे यांचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात निरीक्षणाला मान आहे. भौतिक जगाची नक्कल करणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये गोष्टी हळूहळू बदलतात. मागच्या शंभर टप्प्यांत जो तुकडा जड होता, तो पुढच्या शंभरांतही बहुधा जडच राहील. तेव्हा सूत्रं मांडून भाकीत करण्यापेक्षा चालू कामाचं मोजमाप करावं, त्यावरून वाटणी सुधारावी आणि थोड्या वेळानं पुन्हा मोजावं.

पाठपिशवीतला संगणक

हा विचार प्रयोगशाळेतच राहिला असता, तर चार शोधनिबंध होऊन संपला असता. तो तगला, कारण त्याच विद्यापीठात क्लाउस शुल्टेन होते. शुल्टेन भौतिकशास्त्रज्ञ, मूळचे जर्मनीतले. म्युनिकला असताना त्यांच्या विद्यार्थ्यांनी ट्रान्सप्युटर चिपा जोडून घरच्या घरी एक समांतर संगणक उभारला होता. १९८८ मध्ये इलिनॉयला येताना शुल्टेन यांनी तो पाठपिशवीत घालून आणला. पेशीच्या पटलाचा तुकडा, २०० मेदरेणू आणि भोवतालचं पाणी मिळून २७ हजार अणू, या यंत्रानं वर्षाहून अधिक काळ अखंड चालून अभ्यासला.

पण त्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्याच यंत्राला बांधलेला होता. नवी यंत्रं आली तसा नवा प्रोग्रॅम लिहिणं भाग पडलं. शुल्टेन, गणिती रॉबर्ट स्कील आणि काळे या तिघांचे गट एकत्र आले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एनएएमडी जन्माला आला.

त्यातली वाटणी जवळून बघण्यासारखी आहे. सगळी जागा घनाकृती खोक्यांत विभागायची, प्रत्येक खोका बारा अँगस्ट्रॉमच्या मर्यादेहून थोडा मोठा. म्हणजे कुठल्याही अणूचे शेजारी त्याच्याच खोक्यात किंवा लगतच्या सव्वीस खोक्यांत सापडणार. इथवर सगळेच येतात. पण खोक्यांची संख्या मर्यादित असते आणि प्रोसेसर वाढले की खोके पुरत नाहीत. मग एनएएमडीत दुसऱ्या प्रकारचे तुकडे केले: शेजारी खोक्यांच्या प्रत्येक जोडीमधलं बल काढण्याचं काम हाच एक स्वतंत्र तुकडा. दर खोक्यामागे असे तेरा जोडीचे आणि एक स्वतःचा, मिळून चौदा तुकडे होतात. अणू आपल्या खोक्यात राहतात. बल काढण्याचं काम मात्र तिसऱ्याच मोकळ्या प्रोसेसरवर जाऊ शकतं.

लेमिउवर तेवढ्यानंही भागलं नाही. काळे यांच्या प्रयोगशाळेनं 'प्रोजेक्शन्स' नावाचं साधन बनवलं आहे. प्रत्येक प्रोसेसरनं कुठल्या क्षणी काय केलं, ते त्यात रंगीत पट्ट्यांनी दिसतं. त्या पट्ट्यांत एक विचित्र गोष्ट आढळली. एखादी पट्टी अचानक नेहमीपेक्षा कितीतरी लांब व्हायची. काम तेच, प्रोसेसर तोच, तरी वेळ जास्त. लेमिउच्या प्रत्येक नोडमध्ये चार प्रोसेसर होते आणि यंत्राची स्वतःची किरकोळ व्यवस्थापकीय कामं मध्येच एखाद्या प्रोसेसरचा ताबा घेत होती. चारांपैकी तीनच प्रोसेसर गणिताला लावून एक मोकळा ठेवला, तेव्हा काम जास्त सुरळीत झालं. मोजल्याशिवाय हे कुणाला सुचलं नसतं.

विषाणूंच्या आत

एनएएमडीचा पुढचा प्रवास अणूंच्या संख्येत सांगता येतो. २००६ मध्ये तंबाखूच्या रोगाशी जोडलेल्या एका छोट्या विषाणूची अथपासून इतिपर्यंत, प्रत्येक अणूसह नक्कल झाली. सगळे मिळून सुमारे दहा लाख अणू. संपूर्ण विषाणूची अशी ती पहिलीच नक्कल. २०१३ मध्ये एचआयव्हीच्या गाभ्याचं कवच आलं. तेराशेहून अधिक प्रथिनांच्या या शंकूसारख्या कवचाची अणुरचना प्रयोग आणि संगणन एकत्र करून उभी केली गेली. पाण्यासकट ६ कोटी ४० लाख अणूंचं गणित इलिनॉयच्याच 'ब्लू वॉटर्स' महासंगणकावर झालं. हे कवच औषधांचं लक्ष्य आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लेनाकापाव्हिर हे औषध कवचावरच काम करतं. कवचाच्या घडणीबद्दलची प्रत्येक नवी माहिती अशा संशोधनाला उपयोगी पडते.

२०१२ चा सिडनी फर्नबाख पुरस्कार काळे आणि शुल्टेन यांना मिळून देण्यात आला. एक संगणकशास्त्रज्ञ, एक भौतिकशास्त्रज्ञ. शुल्टेन २०१६ मध्ये गेले. त्यानंतर चार वर्षांनी करोनाची साथ आली, तेव्हा सॅन दिएगोच्या रोमी अमारो यांच्या चमूनं विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा आणि ३० कोटी ५० लाख अणूंच्या संपूर्ण आवरणाचा अभ्यास केला. त्या कामाला कोविड संशोधनासाठीचा खास गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला. अणूंचं गणित केलं होतं एनएएमडीनं, 'समिट' महासंगणकावर. साथ आल्यावर हे साधन लिहायला बसले असते, तर पहिलं उत्तर यायला कित्येक वर्षं लागली असती. ते पंचवीस वर्षं राखलेलं होतं, म्हणून हाताशी होतं.

तोच विचार इतरत्रही गेला. वॉशिंग्टन विद्यापीठातले थॉमस क्विन यांच्याबरोबर तयार झालेला 'चांगा' हा प्रोग्रॅम दीर्घिकांची घडण अभ्यासतो. विश्वात वस्तुमान जागोजागी गोळा होत जातं, त्यामुळे कामाचा भारही सारखा सरकतो. व्हर्जिनिया टेकमधल्या संशोधकांच्या बरोबरीनं साथीच्या प्रसाराची नक्कल झाली. तिथे माणसं हे एक प्रकारचे तुकडे आणि ती जिथे भेटतात त्या जागा दुसऱ्या प्रकारचे. शेकडो माणसांची शाळा आणि चौघांचं घर यांचं काम सारखं कसं असेल? एमपीआयवर लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅमनाही ही सोय मिळावी म्हणून 'अडॅप्टिव्ह एमपीआय' आलं. आणि हलवता येणाऱ्या तुकड्यांचा एक जोडफायदा पुढे मोठा ठरला. प्रत्येक तुकड्याची एक प्रत आपल्या नोडच्या मेमरीत आणि दुसरी सोबती नोडमध्ये ठेवली, तर एखादा नोड बंद पडूनही काम त्या प्रतीपासून पुढे चालू होतं. हजारो नोडच्या यंत्रात काही ना काही बिघडतच असतं, तिथे हे फार मोलाचं.

आपल्याकडे काय मोजतात

पुणेकरांना ट्रान्सप्युटर हा शब्द नवा नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकनं विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला, तो ६४ ट्रान्सप्युटरांवरच. शुल्टेन यांच्या पिशवीत ज्या जातीच्या चिपा होत्या, त्याच. तेव्हापासून पुण्याच्या परिसरात महासंगणक येतच आहेत: आयसरमध्ये 'परम ब्रह्म', सी-डॅकमध्ये 'परम सिद्धी', जीएमआरटी दुर्बिणीसाठी 'परम रुद्र', उष्णदेशीय हवामान संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप्सचा 'अर्क'. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेचा खर्च ४,५०० कोटी रुपयांचा. हे सगळं आवश्यक होतं आणि ज्यांनी ते उभं केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

पण प्रत्येक उद्घाटनाच्या बातमीत आपण एकच आकडा वाचतो: यंत्राचा वेग. महासंगणक चार-सहा वर्षांत जुना होतो. ब्लू वॉटर्स २०१३ मध्ये दिमाखात सुरू झालं आणि २०२१ मध्ये बंदही झालं. लेमिउ तर कधीच गेलं. त्या दोन्हींवर चाललेला एनएएमडी आणि त्याखालचं चार्म++ मात्र पुढच्या प्रत्येक पिढीच्या यंत्रावर चालत राहिले. प्रोसेसर बदलले, जोडणी बदलली, जीपीयू आले. दर वेळी कुणीतरी बसून तो बदल सामावून घेतला. ते कुणीतरी म्हणजे काळे यांच्या प्रयोगशाळेतले पीएच.डी.चे विद्यार्थी आणि प्रोग्रॅमर. एकामागून एक तुकड्या आल्या, शिकल्या, कोडमध्ये भर घालून गेल्या. चाळीस वर्षं एक प्राध्यापक एकाच प्रश्नाला धरून राहिला आणि त्याच्या शेजारी एक जीवभौतिकतज्ज्ञ रोज खरी गरज घेऊन उभा होता.

हे इथे का होऊ नये? मोसमी पावसाचं गणित घ्या. ढग जिथे दाटतात तिथे हिशेब जड, निरभ्र आकाशावर हलका, आणि ढग तर सतत सरकणार. भाराची वाटणी चालू कामात बदलत राहण्याची याहून मोठी गरज कुठे असेल? पुण्यात हवामानतज्ज्ञ आहेत, खगोलशास्त्रज्ञ आहेत, जीवशास्त्रज्ञ आहेत, यंत्रं आहेत आणि दर वर्षी हजारोंनी बाहेर पडणारे संगणक अभियंते आहेत. चार्म++ चा कोड कुणालाही उतरवून वाचता येतो आणि आपल्या लॅपटॉपच्या आठ कोअरवर चालवून बघता येतो. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला तो वाचायला लावावा, समांतर प्रोग्रॅमिंगचा विषय चार तासिकांत उरकू नये, आणि वैज्ञानिक सॉफ्टवेअर राखणाऱ्याला संशोधकाइतकीच कायमची जागा आणि प्रतिष्ठा मिळावी. मोहिमेच्या अंदाजपत्रकात यंत्राइतकाच ठळक रकाना अशा माणसांचा हवा, आणि तो वीस-तीस वर्षांच्या हिशेबानं भरलेला हवा. यंत्र विकत मिळतं. त्याच्याकडून काम करून घेणारी माणसं आपल्यालाच घडवावी आणि टिकवावी लागतील.